कटिशूल : उपचार कोठवर, पाठवणी केव्हा?

कंबरदुखीचा रुग्ण आला नाही असा दिवस आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात क्वचितच उजाडतो. शेतातील ओणव्याने करावयाची कामे, दुचाकीचा प्रवास, संगणकापुढील दीर्घ बैठक अशी कारणे समोर असतात. गुग्गुळकल्प, महानारायण तेलाचा अभ्यंग, स्वेदन व बस्ती यांनी बहुतेकांना उपशय मिळतो. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआपही ओसरते, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. या सहज यशामुळेच आपली दृष्टी बोथट होण्याचा संभव असतो.

तसे आमच्याच बाबतीत घडले. एका मध्यमवयीन गृहिणीवर आम्ही दीड महिना कटिग्रह समजून उपचार केले. रात्री वेदना वाढतात, हे तिने सांगितले होते. सायंकाळी अंगात कसर असते का, वजन उतरले का, हे आम्ही विचारले नाही. पाय जड पडू लागले तेव्हा एमआरआय तपासणी झाली आणि मणक्याचा क्षय निघाला. क्षयाच्या औषधांनी ती बरी झाली. परंतु तो दीड महिना आमच्या खात्यावर जमा आहे.

म्हणून काही लक्षणे प्रत्येकाने ध्यानी ठेवावीत. लघवी अडणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे, बैठकीचा व जांघांमधील भाग बधिर होणे, दोन्ही पायांतील बळ कमी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास तो रुग्ण त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात गेला पाहिजे. मज्जारज्जूच्या खालील नाड्यांवरील दाबाची ही चिन्हे असू शकतात आणि विलंबाने होणारी हानी पुष्कळदा भरून येत नाही. साठी उलटलेल्या व्यक्तीस, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यास, पोट व पाठ यांत एकाएकी तीव्र वेदना होऊन घाम व भोवळ आल्यास महारोहिणीच्या फुगवट्याची शंका घेऊन तीच त्वरा करावी.

ज्वर, वजनातील घट, विश्रांतीनेही न शमणारी रात्रीची वेदना, पूर्वी झालेला कर्करोग, पडणे वा अपघात, वृद्धावस्था किंवा दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, असा इतिहास असल्यास तपासणी लांबवू नये. पाऊल उचलता न येणाऱ्या गृध्रसीच्या रुग्णासही तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावे. तरुणाची पाठ सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडत असेल, हालचालीने मोकळी होत असेल आणि हे तीन महिन्यांहून अधिक चालले असेल, तर मणक्यांच्या दाहजन्य संधिविकाराचा विचार व्हावा. क्षय वा अस्थिभंगाची शंका असलेल्या पाठीवर मर्दन आणि दाब कटाक्षाने टाळावा.

अशा वेळी रुग्ण पाठविणे हा आपल्या शास्त्राचा पराभव आहे, असे काही वैद्यबंधूंना वाटते. आम्हांस ते पटत नाही. साध्यासाध्यतेचा विचार करूनच चिकित्सेस हात घालावा, ही संहितांची शिकवण आहे. गुल्मचिकित्सेत पक्व गुल्माच्या ठिकाणी चरकाचार्यांनी धान्वंतरीय शल्यविदांचा अधिकार निःसंकोचपणे मान्य केला आहे. निदानपंचकात उपशयाचे स्थान आपण जाणतोच; मग अनुपशयही तितकाच बोलका मानावा. चार ते सहा आठवड्यांत योग्य उपचारांनी अंतर पडले नाही, तर औषध बदलण्यापूर्वी निदान पुन्हा तपासावे.

औषधविक्रेत्या बंधूंची जबाबदारीही लहान नाही, कारण पुष्कळ रुग्णांची पहिली पायरी त्यांचे दुकान असते. तेलाची बाटली हाती देण्यापूर्वी चार प्रश्न पुरेत : दुखणे किती दिवसांचे? ताप किंवा वजनात घट? पायांत अशक्तपणा वा बधिरपणा? लघवी-शौचाची तक्रार? एकाचेही उत्तर शंका आणणारे असेल, तर विक्रीपूर्वी वैद्याकडे जाण्याचा सल्ला द्यावा. घटक न छापलेल्या, तत्काळ गुण देणाऱ्या पुड्या तर दुकानात ठेवूच नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. त्याने वेदना झाकते, अस्थी ठिसूळ होतात आणि आयुर्वेदाच्या नावास बट्टा लागतो. दीर्घकाळ त्या घेणाऱ्या रुग्णाने त्या एकदम बंद करणेही धोक्याचे असते. त्यास डॉक्टरांकडे पाठवावे.

रुग्ण पाठविताना केवळ तोंडी निरोप देऊ नये. लक्षणे, कालावधी, दिलेली औषधे आणि आपली शंका चार ओळींत लिहून द्यावी. आठवड्याने त्याची विचारपूसही करावी. असा रुग्ण पुढे परत येत नाही, ही भीती आमच्या अनुभवात खोटी ठरली आहे. ती गृहिणी आजही आमच्याकडे येते आणि आपल्या नातवंडांनाही आणते.