पासवर्ड कुणाकडे?

परवा इंटरनेटवाला नवा राऊटर बसवून गेला. रात्री लाईट गेली, आली. सकाळी गीझरचं पाणी गार! गीझर ठणठणीत होता. मुलानं त्याला स्मार्ट प्लग लावून दिला होता, पहाटे साडेपाचला आपोआप सुरू होणारा. लाईट गेली की तो प्लग घड्याळ विसरतो आणि इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. पण तो बिचारा जुनाच राऊटर शोधत लुकलुकत बसलेला.

मुलाला फोन लावला. ‘आई, तुला नाही जमायचं. पुढच्या महिन्यात येतो तेव्हा बघतो.’ ऐका!

शेवटी शेजारच्या बारावीतल्या मुलीला हाक मारली. ती म्हणाली, ‘काकू, नव्या राऊटरला जुनंच नाव आणि पासवर्ड दिला असता तर हे झालंच नसतं.’ पण जुना पासवर्ड मला माहीत होता कुठे?

मग तिनं माझ्याकडूनच सगळं करून घेतलं. प्लगला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. त्याचं बटण काही सेकंद दाबून धरलं की तो जुनं विसरतो आणि स्वतःचं छोटं वायफाय सुरू करतो. आपला फोन त्याला जोडायचा आणि अॅपमधून घरच्या वायफायचं नाव-पासवर्ड त्याला सांगायचा. पहिल्यांदा फसलं. राऊटरची दोन नावं दिसत होती, मी ‘५जी’वालं निवडलं. असे बहुतेक प्लग २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात म्हणे. दुसरं निवडलं, झालं! पुरण वाटायला याहून जास्त वेळ लागतो.

खरा धक्का पुढेच होता. प्लग मुलाच्या खात्यावर होता, त्यानं तिथून काढल्याशिवाय माझ्या फोनवर येईना. म्हणजे आमच्याकडे अंघोळीचं पाणी कधी तापतं, हे त्याला पुण्यात बसून दिसत होतं. हॉलमधला कॅमेराही त्याच्याच खात्यावर! त्यानं काळजीपोटीच केलं, मान्य. पण दर महिन्याला माझ्याकडे भिशी जमते, त्या बायकांना कुणी विचारलं होतं? आणि प्रत्येक घरातला मुलगा, नवरा किंवा दीर काळजीपोटीच बघत असेल, असं मी तरी म्हणणार नाही.

मैत्रिणींनो, घरात अशी वस्तू आली की खातं आपल्या फोनवर उघडायचं आणि पासवर्ड आपल्या वहीत लिहायचा. इतरांना हवं असेल तर आपण परवानगी द्यायची, बऱ्याच अॅपमध्ये तशी सोय असते.

गीझर आता माझ्या खात्यावर आहे. कॅमेऱ्याचं बोलणं मुलगा आला की होईल. तोवर भिशीच्या दिवशी मी त्याची पिन काढून ठेवते.