सबनेटिंग: कॅल्क्युलेटर नंतर, कागद आधी

विट्याचा पिनकोड ४१५३११. जिल्हा सांगली, पण पिनची सुरुवात साताऱ्यासारखीच ४१५ ने. सांगली शहराचा मात्र ४१६४१६. टपाल खातं जिल्ह्याची हद्द बघत बसत नाही, पहिल्या तीन आकड्यांवरून थैली कुठं टाकायची ते ठरवतं. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने.

आज हे सांगायचं कारण वेगळंच आहे. नेटवर्कच्या कामाला मुलं हवी होती म्हणून मुलाखती घेतल्या. सातारा-सांगली दोन्हीकडची, डिप्लोमा-डिग्री झालेली मुलं. प्रश्न एकच: १९२.१६८.१०.७७ स्लॅश २६, हा पत्ता कुठल्या सबनेटमधला? बहुतेकांचा हात मोबाईलकडे गेला. "सर, कॅल्क्युलेटर आहे की!"

मी मुलांना दोष देत नाही. क्लास ए, बी, सी पाठ करून ती पास झाली. इंटरनेटने ती वर्गवारी १९९३ सालीच मागे टाकली, आपण अजून तिथंच घुटमळतोय.

खरं तर हिशोब सोपा आहे. आयपी पत्ता ३२ बिटांचा. स्लॅश २६ म्हणजे डावीकडचे २६ बिट गल्लीचे, उरलेले ६ घरांचे. सहा वेळा दुप्पट करा: २, ४, ८, १६, ३२, ६४. म्हणजे एका गल्लीत ६४ पत्ते. गल्ल्या सुरू होतात ०, ६४, १२८ आणि १९२ ला. ७७ कुठं बसतो? ६४ च्या गल्लीत. त्यातला ६४ हा गल्लीचाच पत्ता, शेवटचा १२७ दवंडीचा, तो सगळ्यांना ऐकू जातो. मशीनला द्यायला उरले ६५ ते १२६, म्हणजे ६२. मास्क? २५६ वजा ६४ बरोबर १९२, म्हणून २५५.२५५.२५५.१९२. झालं!

पिनकोडशी फरक एवढाच, की तिथं रेघ दोन आकड्यांच्या मधे असते. इथं ती आकड्याच्या पोटातूनही जाते. मुलं अडतात ती नेमकी इथं, आणि वर्गात हीच पायरी घाईत उरकली जाते.

आता म्हणाल, एवढं कशाला शिकायचं? एका पतसंस्थेचा अनुभव सांगतो. काउंटर मधेच बंद पडायचं, थोड्या वेळाने आपोआप सुरू व्हायचं. जाऊन बघितलं तर काउंटर, कॅमेरे, ऑफिस आणि ग्राहकांचं वायफाय, सगळं एकाच गल्लीत. एका कॅमेऱ्याला हाताने दिलेला पत्ता राउटर अधूनमधून काउंटरच्या मशीनलाही देत होता. त्याहून वाईट म्हणजे बाकावर बसलेल्या कुणाच्याही मोबाईलवरून कॅमेऱ्यांचं लॉगिन पान उघडत होतं. जिथं लोकांच्या ठेवी आहेत, तिथं ही अवस्था!

आम्ही चार गल्ल्या पाडल्या. नुसत्या गल्ल्या पाडून सुरक्षा येत नाही, हेही खरं. स्विचवर व्हीलॅन लागतात, राउटरवर कोणी कुठं जायचं याचे नियम लागतात. पण गल्ल्याच नसतील तर नियम लावणार कुठं?

कॅल्क्युलेटर वापरा, मीही वापरतो. पण तो फक्त टाकलेल्या आकड्यांचं उत्तर देतो. कॅमेरे ७० होणार असतील तर स्लॅश २६ पुरणार नाही, स्लॅश २५ लागेल, हे त्याला कोण सांगणार? ते डोकं माणसाचंच.

म्हणून दोन विनंत्या. शिक्षकांनो, पहिले आठ दिवस मोबाईल बाजूला ठेवून हे कागदावर करून घ्या, मराठीत बोलून. आणि सरपंच, मुख्याध्यापक, डॉक्टर, पतसंस्थेचे संचालक, तुम्ही नेटवर्क बसवणाऱ्याला बिल द्यायच्या आधी एक कागद मागा: कुठल्या गल्लीत काय, कुठून कुठपर्यंत पत्ते, कोणाला कुठं जायला बंदी. प्लॉट घेताना लेआउट बघतोच ना आपण? मग इथं का नाही?

तो कागद ज्याला देता येत नाही, त्याला काम देऊ नका.

पटलं तर तुमच्या गावच्या ग्रुपवर टाका. आणि १९२.१६८.१०.२०० स्लॅश २७ कुठल्या गल्लीत येतो, ते खाली लिहा. कॅल्क्युलेटर न वापरता हं!