नांगर गेला, खंड राहिला

जमीनदारी हा केवळ खेड्यातील प्रश्न आहे, हा समज आपल्या चळवळीतही खोलवर रुजला आहे. तो किती भ्रामक आहे, हे फिलिपाईन्समधील मकाती शहराच्या इतिहासावरून कळते.

स्पॅनिश वसाहतकाळात मकाती ही जेझुइट धर्मसंघाची इस्टेट होती. १७६८ साली संघाची हकालपट्टी झाली, जमीन पुढे खासगी हातांत गेली आणि १८५१ साली होसे बोनिफासिओ रोहास यांनी ती ५२,८०० पेसोंना विकत घेतली. विवाह आणि वारसा यांच्या मार्गाने ती आयाला-झोबेल घराण्याकडे आली. १९३७ साली तिच्या एका भागावर भाडेपट्ट्याने विमानतळ उभा राहिला. १९४५च्या लढाईत राजधानी मनिला बेचिराख झाली. सुमारे एक लाख नागरिक मारले गेले. राजधानीच्या धनिकांना आता नवी जागा हवी होती आणि ती या घराण्यापाशी होती. १९४८ साली विमानतळ बंद झाला. त्याच्या धावपट्ट्यांचे हमरस्ते झाले. एकाला आयाला, दुसऱ्याला रोहास हे नाव मिळाले. त्यांच्या दुतर्फा बँका व कंपन्यांची कार्यालये उभी राहिली. १९९५ साली मकाती रीतसर शहर झाले.

भांडवलशाहीचे भाष्यकार याला उद्यमशीलतेचा विजय म्हणतात. जोसेफ मॅकमिकिंग यांची नगररचना कुशल होती, हे मान्य. कौशल्याचा मोबदला कोणी नाकारीत नाही. परंतु जमिनीची किंमत चढली ती राजधानीच्या सान्निध्यामुळे, युद्धाच्या विध्वंसामुळे आणि तेथे राबायला येणाऱ्या लाखो श्रमिकांमुळे. समाजाने निर्माण केलेले मूल्य सातबाऱ्यासारख्या एका कागदाच्या बळावर घराण्याने आपलेसे केले. रिकार्डोने १८१७ साली ज्या खंडाची मीमांसा केली, तोच हा खंड. फक्त शेताऐवजी मजल्यांवर आकारलेला.

आणि जमीनसुधारणा? १९७२चा मार्कोस राजवटीचा हुकूम भात व मक्याच्या कुळवहिवाटीच्या जमिनींपुरता होता. १९८८चा कायदाही शेतजमिनीचाच. ज्या जमिनीवर नांगर थांबला होता, ती सुधारणेच्या कक्षेबाहेर राहिली.

'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपण अभिमानाने देत आलो. पण जेथे कोणी कसत नाही, फक्त राबतो आणि भाडे भरतो, तेथे जमीन कोणाची? शहरी जमिनीच्या वाढीव मूल्यावर समाजाचा हक्क सांगणारा कार्यक्रम ज्या पक्षापाशी नाही, त्याचा समाजवाद गावाच्या वेशीवरच थांबलेला आहे.