शोधकाचा रकाना

कायझेनच्या, म्हणजे कारखान्यातल्या छोट्या सुधारणांच्या, कागदावर 'कल्पना कोणाची' असा एक रकाना असतो. वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर असताना त्या रकान्यात मी माझे नाव लिहिले. कल्पना माझ्या लाइनवरच्या ऑपरेटरची होती. वेल्डिंगच्या फिक्स्चरमध्ये त्याने एक साधी पिन अशा जागी बसवली की भाग उलटा लागणेच अशक्य झाले आणि रोज भंगारात जाणारा माल थांबला. त्याचे नाव मी 'सहकार्य' या रकान्यात टाकले. तोच म्हणाला होता, "साहेब, तुमच्या नावानं गेलं तर पुढं सरकंल." चोरी केली असे मला तेव्हा वाटले नाही आणि आपली चोरी झाली असे त्यालाही वाटले नाही. आपल्या समाजाचा रोग तो हाच. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जा. हाताने काम करणाऱ्याला सुचलेली गोष्ट वरच्या खुर्चीची मानण्यात आपल्याला काहीच वावगे दिसत नाही.

कायद्याकडे बोट दाखवून आपण सुटू पाहतो. 1970 च्या पेटंट कायद्यात नोकरीत लागलेल्या शोधाच्या मोबदल्याची तरतूद नाही, हे खरे. अर्जाचा हक्क खऱ्या आणि पहिल्या शोधकाचा, किंवा त्याने तो ज्याला लिहून दिला त्याचा. आणि हे लिहून देणे बहुधा नेमणूकपत्रातच उरकलेले असते. न वाचता सही केलेल्या त्या इंग्रजी कलमाने पुढे सुचणारे सारे कंपनीचे होऊन जाते. यंत्र मालकाचे, पगारही त्याचाच, तेव्हा त्याचा वाटा मी नाकारत नाही. पण जर्मनीने 1957 सालीच कायदा करून कर्मचाऱ्याच्या शोधाला वाजवी मोबदला बांधून दिला. जपानमध्ये निळ्या एलईडीच्या पेटंटबद्दल संशोधक शुजी नाकामुरा यांना त्यांच्या कंपनीने 20,000 येन दिले होते. ते न्यायालयात गेले आणि 2005 मध्ये सुमारे 84 कोटी येनांवर तडजोड झाली.

पैशाचे क्षणभर बाजूला ठेवू. आपल्याच कायद्याचे कलम 28 पेटंटवर शोधकाचे नाव घालण्याची सोय करते आणि त्या नोंदीने मालकीत तसूभरही फरक पडत नाही. नाव देण्यात मालकाचा छदामही जात नाही. तेही आपल्या हातून सुटत नसेल, तर लोभ हे कारण पुरे पडत नाही. कारण फार जुने आहे. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकातले. बडोद्याचा नवव्या शतकातला ताम्रपट सांगतो की ते घडवणारा शिल्पी आपलेच काम पाहून थक्क झाला. ताम्रपटात ते करवून घेणाऱ्या कृष्णराजाचे नाव आहे. शिल्प्याचा विस्मय तेवढा नोंदवला आहे, नाव कोणाला नोंदवावेसे वाटले नाही. विद्या एकाची आणि हात दुसऱ्याचे, हे गावगाड्याने आपल्याला इतक्या पिढ्या पढवले की लोहाराची, सुताराची बुद्धी त्याच्या हत्यारातच असते असे आपण धरून चाललो. खळ्यावर बलुत्याची पेंढी टाकली की आपण ऋणमुक्त होत असू. आज स्टीलचा डबा आणि टाळ्या देऊन होतो. मी माझ्या ऑपरेटरला दिला तोही डबाच.

तो बजाजनगरला राहतो. त्याच्या मुलाने यंदा डिप्लोमाला प्रवेश घेतला. त्या मुलाच्या हाती पहिले नेमणूकपत्र पडेल तेव्हा ते मराठीत असावे, त्यात शोधकाच्या नावाचे आणि वाट्याचे कलम असावे. आपल्याजवळ तीन वर्षे आहेत.