विश्लेषण : नवजात कक्षातला आकडा बाळाच्या खाटेपर्यंत कधी पोहोचणार?

भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १० बाळे दगावली. त्यानंतर अग्निसुरक्षेची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण अशा कक्षांमध्ये एरवी जी बाळे दगावतात, त्यांची बातमी होत नाही. त्यांची नोंद मात्र संगणकात होते. ती नोंद पुढे कोण वाचतो, हा खरा प्रश्न आहे.

ही यंत्रणा काय आहे?

जिल्हा पातळीवरील विशेष नवजात काळजी कक्षाला एसएनसीयू म्हणतात. पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे २००३ मध्ये असा कक्ष सुरू झाला. आज देशात असे ९०० हून अधिक कक्ष आहेत. कक्षात दाखल झालेल्या बाळाची माहिती ऑनलाइन प्रणालीत भरली जाते. वजन किती, जन्म त्याच रुग्णालयात झाला की बाहेर, आजार कोणता, उपचार काय दिले आणि शेवटी बाळ घरी गेले, दुसरीकडे पाठवले, पालकांनी सल्ल्याविरुद्ध नेले की दगावले, याची ही नोंद असते.

याची गरज का?

नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये देशात दर हजार जिवंत जन्मांमागे २० बाळे पहिल्या २८ दिवसांत दगावत होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ११, तर केरळमध्ये ४ होते. २०३० पर्यंत देशाचा दर एक अंकी करण्याचे उद्दिष्ट आहे. इमारत आणि वॉर्मर यांच्या जोरावर काही अंतर कापता येते. उरलेले अंतर काळजीच्या दर्जावर अवलंबून असते आणि दर्जा मोजल्याशिवाय कळत नाही.

मग घोडे कुठे अडते?

मृत्यूचा आकडा एकटा पाहिला तर तो फसवतो. समजा, एका कक्षात १०० पैकी ५ बाळे दगावली आणि दुसऱ्यात १२. पहिला कक्ष चांगला म्हणायचा का? पहिल्याने अत्यवस्थ बाळे रुग्णवाहिकेत घालून दुसऱ्याकडे धाडली असतील, तर उत्तर उलटेही असू शकते. वजन, गर्भाचे आठवडे आणि बाळ आले तेव्हाची अवस्था लक्षात घेऊनच तुलना करायला हवी.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. आकडा वाढला की कारणे दाखवा नोटीस येणार, हे ठाऊक असलेला डॉक्टर जोखमीचे बाळ पुढे पाठवून मोकळा होईल. कागदावरचा मृत्यू टळेल, पण बाळाचा रस्त्यात टळेलच असे नाही.

इतर देश काय करतात?

अमेरिकेत १९८८ मध्ये सुरू झालेल्या व्हर्माँट ऑक्सफर्ड नेटवर्कमध्ये आज हजाराहून अधिक रुग्णालये आहेत. प्रत्येकाला आपली तुलना इतरांशी करता येते आणि त्यावरून सुधारणेची कामे हाती घेतली जातात. ब्रिटनचे राष्ट्रीय नवजात ऑडिट केवळ मृत्यू मोजत नाही. दाखल होताना बाळाचे तापमान योग्य होते का, डोळ्यांची तपासणी वेळेत झाली का, घरी जाताना बाळाला आईचे दूध मिळत होते का, दाखल झाल्यापासून २४ तासांत वरिष्ठ डॉक्टर पालकांशी बोलले का, हेही ते पाहते. रुग्णालयनिहाय निकाल लोकांपुढे ठेवते.

आपल्याकडे काय करता येईल?

नवे सॉफ्टवेअर नको. आहे ती माहिती खाली परत येऊ द्या. आज ती जिल्ह्यातून राज्याकडे आणि राज्यातून दिल्लीकडे जाते. वॉर्मरशेजारी उभ्या परिचारिकेला तिचा उपयोग व्हायला हवा. गेल्या महिन्यात किती बाळे गार पडलेल्या अवस्थेत आली, हा आकडा तिच्यासमोर लागला, तर प्रसूतिगृहात बाळ आधी कोरडे करा, आईच्या अंगाशी धरा, हे तीच आग्रहाने सांगेल. प्राणवायूवर राहिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या किती बाळांचे डोळे तपासले, हे कळले तर एखाद्याची दृष्टी वाचेल.

त्यासाठी तीन गोष्टी हव्यात. पाठवलेल्या बाळाचे पुढे काय झाले, ते पाठवणाऱ्याला कळावे. नोंदी खऱ्या आहेत का, याची मूळ केसपेपरशी पडताळणी व्हावी. आणि आकडा शिक्षेसाठी नव्हे, सुधारणेसाठी वापरला जावा. एकेका परिचारिकेकडे पेलवणार नाहीत इतकी बाळे सोपवायची आणि आकडा वाढला की तिलाच जाब विचारायचा, हा न्याय नव्हे. तो आकडा रिक्त पदांचा हिशेबही मागत असतो.

जिल्ह्याचे असे आकडे, कोणत्याही बाळाची ओळख उघड न करता, लोकांनाही पाहता यावेत. आपले बाळ काचेपलीकडे ठेवून बाहेर बाकड्यावर रात्र काढणाऱ्या आईबापांचा तेवढा हक्क आहे.