मुक्काम दोन महिन्यांचा

दिवाळी आटोपली की गावाकडच्या घराला कुलूप लावून अनेक आईवडील लेकाकडे किंवा लेकीकडे वसई-विरारला मुक्कामाला येतात. पहिला आठवडा नातवंडांच्या कौतुकात जातो. एका रविवारी जीवदानीचे दर्शन होते, पुढच्या रविवारी मॉल. त्यानंतर मुलगा-सून सकाळच्या लोकलने जातात ते दिवेलागणीनंतर परततात आणि चौथ्या मजल्यावरची बाल्कनी एवढेच ज्येष्ठांचे जग उरते. महिनाभरात गुडघे आखडतात, दुपारची झोप वाढून रात्रीची उडते, पोट साफ होईनासे होते आणि ‘आम्हांला गावी पोहोचवा’ असा धोशा सुरू होतो. त्यांना शहर मानवत नाही, असा निष्कर्ष घरचे काढतात. बहुधा मानवत नाही ते दिवसभराचे बसणे. गावी देऊळ, पार, बाजार आणि शेजार यांच्या निमित्ताने त्यांचे जे चालणे होत असे, ते कोणी मोजलेलेच नसते.

म्हणून लांबच्या मुक्कामात एकदा पाहून संपणारी स्थळे फार उपयोगी पडत नाहीत. आठवड्यातून दोनदा, सकाळच्या दोन तासांत, रिक्षाने जाऊन येता येईल आणि तेथले चेहरे ओळखीचे होतील, असे ठिकाण हवे. वसईच्या पश्चिमेकडे अशी ठिकाणे आहेत. आपणच त्यांवरून मोटारीने पुढे निघून जातो.

निर्मळचे तळे हे त्यांतले एक. शंकराचार्यांच्या समाधीमुळे हे गाव प्रसिद्ध आहे आणि कार्तिकात येथे मोठी जत्रा भरते. जत्रेत ज्येष्ठांना नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गर्दीतला एक धक्का खुब्याचे हाड मोडायला पुरतो. एरवीच्या सकाळी मात्र तळ्याकाठी शांतता असते. पायऱ्या झेपत नसतील तर वर जाण्याचा आग्रह धरू नये, काठीच बसावे. पहिल्या खेपेला दहा मिनिटे चालणे झाले तरी पुष्कळ. चौथ्या खेपेला ते आपोआप वाढते. बसून उठल्यावर लगेच पाऊल टाकू नये, क्षणभर उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना अशा वेळी घेरी येण्याचा संभव असतो.

दुसरे ठिकाण नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, बुरुड राजाचे कोट या नावाने ओळखले जाणारे टेकाड. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये ते खणले आणि आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी करंडक होता, त्यात एकात एक बसवलेल्या डब्या आणि आठ बुद्धमूर्ती होत्या. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. सोपारा हे प्राचीन बंदर, एवढे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण रोज ज्या फलाटावर उतरतो तेच ते सोपारे, हे ध्यानी येत नाही. त्याच वर्षी येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला सापडला. आठव्या लेखाचा विषय प्रवास हाच आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी आणि करमणुकीसाठी फिरत, आपण मात्र धम्मयात्रा करतो, असे अशोक त्यात सांगतो आणि त्या यात्रेतल्या कर्तव्यांत वृद्धांची भेट घेऊन त्यांना धन देणे हेही मोजतो. हे आजोबांना तेथेच बसवून सांगावे. जवळच चक्रेश्वराचे तळे आहे, तेथल्या जुन्या दगडी मूर्ती पाहता येतात. नातवाला सोबत न्यावे. सांगायला कोणी मिळाले की आजोबांचा आवाज चढतो.

वसईचा किल्ला सर्वांना ठाऊक आहे, पण तो ज्येष्ठांच्या सोयीचा आहे हे थोड्यांना. आतले रस्ते बहुतांशी सपाट आहेत, झाडांची सावली आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी तो जिंकला हे ज्यांना तोंडपाठ असते, त्यांनी फ्रान्सिस्कन चर्चच्या भग्नावशेषांतले कोरीव थडगेदगडही पाहावेत. शिडीवजा जिने आणि तटावरचे चढ सोडून द्यावेत. स्वच्छतागृहाची सोय गृहीत धरू नये. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ त्या दिवशी थोडी मागे-पुढे करता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. गोळी परस्पर चुकवू नये आणि त्या भीतीने पाणीही तोडू नये. मधुमेहींनी खिशात खडीसाखर ठेवावी.

स्मरणशक्ती मंदावलेल्यांबाबत वेगळा विचार करावा लागतो. नवे घर, नवा जिना, नवी भाषा यांनी त्यांचा गोंधळ वाढतो, विशेषतः सांजवेळी. त्यांच्यासाठी एकच ठिकाण, एकच वेळ आणि शक्यतो एकच रिक्षावाला ठेवावा. खिशात पत्ता आणि फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावीच.

चालणे अजिबात होत नसेल तर? वसई आणि भाईंदर यांच्यामधल्या खाडीवर २०२४ च्या फेब्रुवारीत रो-रो फेरीबोट सुरू झाली. मोटार बोटीवर चढते, ज्येष्ठ गाडीतच बसून राहू शकतात आणि खाडीचा वारा खिडकीशी येतो. निघण्यापूर्वी बोटीच्या वेळा विचारून घ्याव्यात. पलीकडे काही काम नसले तरी हरकत नाही, परत यावे. अर्नाळ्याच्या किल्ल्यासाठी होडीत चढण्या-उतरण्याची जी कसरत करावी लागते, तिच्यापेक्षा हे कितीतरी बरे.

येताना बाजारात थांबावे. वाडीतली भाजी आणि केळी घेऊन बसणाऱ्या बायकांची वाडवळी किंवा सामवेदी बोली कोकणातून आलेल्या आजींना निम्मी कळते, निम्मी विचारावी लागते, आणि त्या विचारण्यातच अर्धा तास जातो. राजेळी केळ्यांची सुकेळी मिळाली तर घ्यावीत. साखर वाढलेली असेल तर एक तुकडा, तोही जेवणाबरोबर.