शाळेच्या नेटवर्कला भिंती हव्यात, आणि दारंही



संगणकाच्या तासाला आपण मुलांना 'व्हीलॅन म्हणजे काय' हे शिकवतो. व्याख्या, चार फायदे, दोन तोटे, की मुद्दा संपला. परीक्षेत प्रश्न येतो, मुलं लिहितात, गुण मिळतात. पण ज्या इमारतीत आपण हे शिकवतो, तिथल्या नेटवर्कमध्ये व्हीलॅन आहे का, हे कुणी विचारतं का? माझं मत असं की हा विषय आता फक्त वहीत ठेवून चालणार नाही. त्याचा संबंध थेट आपल्या मुलांच्या माहितीशी आहे.

आधी संकल्पना साध्या शब्दांत बघू.

शाळेत सूचना वही वर्गावर्गांत फिरते. सूचना फक्त दहावीसाठी असली तरी प्रत्येक वर्गात तास थांबतो, सूचना वाचली जाते आणि मग शिकवणं पुढे सुरू होतं. स्थानिक नेटवर्कमध्ये, म्हणजे लॅनमध्ये, असंच चालतं. एका संगणकाला दुसऱ्याशी बोलायचं असेल तर तो आधी सगळ्यांना विचारतो, "हा पत्ता कुणाचा आहे?" ही हाक प्रत्येक संगणकाला ऐकावी लागते. यालाच ब्रॉडकास्ट म्हणतात. दहा संगणक असतील तर काही बिघडत नाही. शेकडो झाले की गोंगाट वाढतो. शिवाय सगळे एकाच खोलीत बसल्यासारखे असतात. कुणीही कुणाच्याही दारावर टकटक करू शकतो.

व्हीलॅन म्हणजे आभासी स्थानिक नेटवर्क. स्विच तोच, वायरी त्याच, पण स्विचच्या कोणत्या पोर्टने कोणत्या गटात बसायचं हे आपण ठरवतो. एका गटातली हाक दुसऱ्या गटात जात नाही. दोन स्विचमध्ये एकच वायर असली तरी ती अनेक गटांची वाहतूक वाहून नेते, कारण प्रत्येक फ्रेमला गटाच्या क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली असते. या चिठ्ठीचं प्रमाण ठरवणारं मानक म्हणजे आयईईई ८०२.१क्यू, जे १९९८ साली आलं. चिठ्ठी ४ बाइटची, त्यात गटाच्या क्रमांकासाठी १२ बिट. म्हणजे ४०९६ क्रमांक. त्यातला पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून वापरायला ४०९४. बाराच बिट का, चार का नाहीत, असं मुलांना विचारा. बायनरीचा धडा आपोआप उजळून निघतो.

मग शाळेचा काय संबंध?

आता तुमच्या शाळेचं नेटवर्क डोळ्यांसमोर आणा. कार्यालयातला संगणक: त्यात विद्यार्थ्यांची नावं, जन्मतारखा, पत्ते, आधार क्रमांक, पालकांचे मोबाईल नंबर, फीचा हिशेब. संगणक कक्ष: तिथे मुलं रोज नवं काहीतरी करून बघतात, आणि त्यांनी ते करावंच. शिक्षक खोली: तिथल्या संगणकावर कधी कधी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका टाइप होतात. भिंतीवरचे सीसीटीव्ही कॅमेरे. आणि वाय-फाय, ज्याचा पासवर्ड स्नेहसंमेलनाच्या दिवशी निम्म्या गावाला कळतो.

बऱ्याच ठिकाणी हे सगळं एकाच साध्या स्विचवर, एकाच खोलीत बसवलेलं असतं. लावताना सोपं पडतं म्हणून.

यात धोका काय? दोन घटना आठवा. २०१६ साली मिराय नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. कारण साधं होतं: कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं. एका संगणकात शिरल्यावर ते त्याच नेटवर्कमधल्या दुसऱ्या विंडोज संगणकांकडे स्वतःहून जायचं. कुणी काही क्लिक करायची गरजच नव्हती. जिथे सगळे एका खोलीत, तिथे एकाचा ताप सगळ्या घराला.

संशोधन काय सांगतं?

इथे एक अभ्यास तुमच्यासमोर ठेवतो. २०११ साली मिनलान यू, जेनिफर रेक्सफर्ड, शिन सुन, संजय राव आणि निक फीमस्टर यांनी अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांची नेटवर्कं आणि एका शैक्षणिक विभागाचं नेटवर्क तपासलं. नेटवर्क सांभाळणाऱ्यांशी ते बोलले, प्रत्यक्ष कॉन्फिगरेशनच्या फाइल्स बघितल्या. त्यांनी सुरुवातीलाच एक गोष्ट नोंदवली, जी आपल्याला लागू पडते: व्हीलॅन प्रत्यक्षात कसे वापरले जातात याबद्दल पाठ्यपुस्तकं आणि मॅन्युअल फारच थोडं सांगतात.

त्यांना दिसलेले उपयोग चार: ब्रॉडकास्टचा गोंगाट कमी करणं, कुणाला कुठे प्रवेश द्यायचा याचे नियम सोपे करणं, वेगवेगळ्या विभागांना आपापला कारभार बघू देणं, आणि वाय-फायवर फिरणाऱ्या माणसाचं कनेक्शन इमारत बदलली तरी तुटू न देणं. पण त्यांचा निष्कर्ष कौतुकाचा नव्हता. व्हीलॅन मुळात यातल्या काही कामांसाठी बनलेलेच नाहीत, आणि त्यांच्यामुळे कॉन्फिगरेशनची गुंतागुंत फार वाढते, असं त्यांनी मांडलं.

याचा अर्थ व्हीलॅन नकोत असा मी घेत नाही. मी दोन धडे घेतो.

पहिला: व्हीलॅन ही भिंत आहे, कुलूप नाही. गट वेगळे केले तरी त्यांच्यामध्ये राउटर असतो. त्या राउटरवर 'संगणक कक्षातून कार्यालयात जायचं नाही' असा नियम लिहिला नाही, तर भिंत बांधून दार सताड उघडं ठेवल्यासारखं होतं. कॅमेऱ्याचा जुना पासवर्डही व्हीलॅन बदलत नाही. ते काम आपलंच.

दुसरा: कमी गट करा आणि लिहून ठेवा. शाळेला चार गट पुरतात: कार्यालय व शिक्षक, संगणक कक्ष, कॅमेरे, पाहुण्यांचं वाय-फाय. कोणत्या पोर्टवर कोणता गट, याचा कागद स्विचजवळ नव्हे, मुख्याध्यापकांच्या कपाटात हवा. नेटवर्क लावणारा मुलगा उद्या नोकरी बदलतो. मग सहा महिन्यांनी कुणालाच काही कळत नाही.

'आमची शाळा लहान आहे हो!'

हा आक्षेप मला मान्य आहे. पाच संगणकांच्या शाळेने व्हीलॅनच्या मागे लागू नये. आजच्या अनेक वाय-फाय राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क'ची सोय असते. तेवढी सुरू केली आणि कार्यालयाचा संगणक मुलांच्या हाती दिला नाही, तरी पुष्कळ झालं. पण मोठी प्रयोगशाळा आणि कॅमेरे असलेल्या शाळेत साध्या स्विचऐवजी मॅनेज्ड स्विच हवा. साधा स्विच हे गट करू शकत नाही. पुढच्या खरेदीच्या यादीत हा एक शब्द घाला, एवढंच.

पालकहो, तुम्हीही विचारा. पालक सभेत आपण बस, गणवेश, सहल यांवर तासभर बोलतो. त्यात एकच प्रश्न घाला: 'आमच्या मुलांची माहिती ज्या संगणकावर आहे, तो पाहुण्यांच्या वाय-फायवरून दिसतो का?' २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्यांच्या माहितीबाबत जास्त काळजी अपेक्षिली आहे. प्रश्न विचारणं म्हणजे शाळेवर संशय घेणं नव्हे.

वर्गात करून बघा

शिक्षकांसाठी एक छोटा उपक्रम. वीस मुलांना गोलात बसवा. एकाने मोठ्याने विचारायचं, "रोल नंबर सात कोण?" सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं. मग चार रंगांच्या पट्ट्या वाटा आणि नियम सांगा: आपल्या रंगाचीच हाक ऐकायची. किती जणांचं काम थांबलं, ते दोन्ही वेळा मोजा. शेवटी एकाला राउटर करा. दुसऱ्या रंगाला निरोप द्यायचा तर त्याच्याच हातून, आणि त्याच्याकडे परवानगीची यादी. यादी रिकामी ठेवून बघा, मग 'सगळ्यांना परवानगी' लिहून बघा. भिंत आणि दार यांतला फरक मुलं विसरणार नाहीत.

धडा शिकवून झाल्यावर एक गृहपाठ मात्र आपल्यासाठी ठेवा. या आठवड्यात शाळेतला स्विच कुठे आहे ते शोधा आणि त्याला काय काय जोडलंय याची यादी करा. ती यादी पाहिल्यावर पुढचं काम काय, हे वेगळं सांगावं लागणार नाही.